आसगावचा शालोम

मेश्राम गुरुजींचं कार्ड ठाण्याला पोचलं तेव्हा दादाला जाऊन बारा दिवस झाले होते. त्यावर आमच्या पनवेलच्या जुन्या घराचा पत्ता होता. तिथून ते फिरत फिरत माझ्याकडे आलं. मजकूर सहा ओळींचा. एलिया गुरुजी, म्हणजे माझा दादा, शाळेतून आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले. शेवटची ओळ अशी होती : ‘अंत्यविधी आम्ही गावकऱ्यांनी यथाशक्ती पार पाडला, काळजी नसावी.’

काळजी त्या ओळीनंच लागली. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आमच्यात मृताला मातीत ठेवतात. अग्नी देणं आम्हाला कल्पनेतही सोसत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात आमच्यापैकी दादा एकटाच होता. आसगावात माणूस गेला की कुणब्यांच्या घरी जे करतात, तेच त्या भल्या लोकांनी भल्या मनानं केलं असलं तर? ‘यथाशक्ती’मध्ये काय काय येतं, हे पत्रानं विचारणं मला जमेना. चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा फाडला. शेवटी स्वतः जाऊन पाहायचं ठरवलं.

दादा बावीस वर्षं तिथल्या शाळेत शिकवत होता. दर सुट्टीत मला बोलवायचा. मी वाचनालयाच्या नोकरीचं कारण सांगून गेलो नाही. त्याच्या पत्रांत एक गोष्ट वारंवार यायची. ‘इथं मला नमस्कार कोणी करत नाही. पोरंसोरं, म्हातारे, सगळे शालोम म्हणतात.’

ज्यांनी हा शब्द ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शालोम हा हिब्रू भाषेतला अगदी रोजचा शब्द. भेटल्यावर म्हणतात, निघताना म्हणतात. ‘कसा आहेस’ असं विचारायचं तरी ‘तुझा शालोम कसा आहे’ असंच विचारतात. शांती हा त्याचा अर्थ सगळे सांगतात, पण मुळात तो शाबूत असण्याच्या जवळचा आहे : काही मोडलेलं नाही, काही कमी पडलेलं नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं. वापर मात्र लहानपणापासून ऐकून, विचार न करता करत होतो.

दादाची बातमी आली तेव्हाही तसंच झालं. भाऊ गेल्यावर सात दिवस घरात खाली बसायचं असतं. मी तीन दिवस बसलो. माणसं येत, दारातून शालोम म्हणत, मीही शालोम म्हणे, चहा होई. चौथ्या दिवशी वाचनालयात पुस्तकांची वार्षिक मोजणी सुरू झाली आणि मी कामावर गेलो. मोजणी संपल्यावर रजा मिळाली.

पवनी

भंडाऱ्याहून एस.टी. पवनीला थांबली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. कंडक्टरनं दहा मिनिटं सांगितली, म्हणून मी चहाला उतरलो. त्याची दहा मिनिटं माझ्या दहा मिनिटांपेक्षा लहान निघाली. कप हातात असतानाच गाडी टपावरच्या माझ्या वळकटीसह दिघोरीकडे निघून गेली. पिशवी खांद्याला होती एवढंच बरं.

पुढची गाडी दुपारी होती. मी गावात हिंडलो. जुन्या कोटाचा दरवाजा पाहिला. शेजारून विटांचे उंचवटे दिसतात. एका म्हाताऱ्यानं ते बुद्धाच्या काळचे असल्याचं सांगितलं आणि त्याच उंचवट्यावर आपली शेळी बांधली. मग घाट उतरून वैनगंगेपाशी गेलो. आमच्याकडच्या नद्या आखूड, भरतीला फुगणाऱ्या आणि ओहोटीला चिखल दाखवणाऱ्या. ही नदी निवांत होती. अर्ध्या पात्रात वाळू आणि उरलेल्या अर्ध्यात हलतं आहे की नाही कळू नये असं पाणी. घाटावर दोन बाया कपडे धूत होत्या. पलीकडे कोणाची तरी राख पाण्यात सोडत होते. मी तिकडे पाठ केली.

चहावाल्याकडे परत आलो. त्यानं विचारलं, “कोनाकडं जाऊन राहिले जी?”

मी म्हटलं, आसगावला. तिथल्या एलिया गुरुजींचा मी भाऊ.

त्याचं तोंड बोलण्यासाठी उघडलं आणि मिटलं. फडक्याला हात पुसून त्यानं माझ्यापुढे दुसरा कप ठेवला, मग रस्ता ओलांडून कोणाशी तरी बोलला आणि एक बैलगाडी माझ्यासमोर आणून उभी केली. गाडीवान रिकामी पोती घेऊन आसगावलाच चालला होता. त्यानं पोत्यांची बैठक केली, मला बसवलं, आणि साऱ्या वाटेत बैलांशी सोडून कोणाशी बोलला नाही.

धान कापून झालं होतं. कोकणात डोंगरउतारावरची आमची खाचरं पायऱ्यांसारखी असतात. इथं सपाट जमिनीला नुसते मातीचे धुरे घालून तिचे चौकोन केलेले. अशा एका चौकोनाला बांधी म्हणतात. बांध्यांत जागोजाग कापलेल्या धानाचे पुंजणे, घराएवढ्या उंचीचे, गोल रचलेले. त्यांच्यामध्ये लाखोळीच्या डाळीची कोवळी हिरवळ. दादानं पत्रात लिहिलेलं सगळं जिथल्या तिथं होतं, आणि त्याबद्दल विचारावं असा एकच माणूस जवळ होता, तो गप्प होता.

आसगाव

गाडी गावात शिरली. पारावर सातआठ जण बसले होते. ते उठून उभे राहिले. कोणी हात जोडले नाहीत, कोणी रामराम म्हटलं नाही. शालोमचं तर नावच नाही. मी मान लववली, त्यांनी नजरा खाली घातल्या. शाळेवरून जाताना आतला पाढ्यांचा आवाज एकदम थांबला.

दादा सोनाबाईंच्या घरी भाड्यानं राहायचा. सारं गाव त्यांना काकू म्हणतं. साठीच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. त्यांनी माझी पिशवी घेतली, पाय धुवायला पाणी दिलं आणि दादाच्या खोलीचं दार उघडून बाजूला झाल्या. एक शब्द नाही. त्यांचे यजमान झिबलभाऊ खांबाला टेकून उभे होते, तेही तसेच.

खोली सारवलेली होती. पुस्तकं, कंदील, भिंतीवर आरसा. आरशावर धोतराचं फडकं टाकलेलं. धूळ बसू नये म्हणून असेल, असं मला वाटलं. टेबलाशी खुर्ची होती, पण काकूंनी ती उचलून बाहेर नेली आणि भिंतीशी एक पाट मांडला. पाहुण्याच्या नाकासमोरून खुर्ची उचलून नेणं मला लागलं. जेवायला भात, मसुरीची डाळ आणि उकडलेली दोन अंडी. धानाच्या आणि तळ्यांच्या या मुलुखात पाहुण्याला मासोळी मिळत नाही का, असा एक क्षुद्र विचार मनात आला. तो आला हे खरं, म्हणून लिहितो.

दुपारनंतर मेश्राम गुरुजी आले. कार्ड लिहिणारे तेच. बौद्ध, दादाच्याच शाळेत शिक्षक, दादाहून आठदहा वर्षांनी लहान. ते दारात थांबले, आत येऊन जमिनीवर बसले आणि हातातली टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्याकडे पाहत राहिले. मी वाट पाहिली. आता हे सांगतील. अर्धा तास गेला. त्यांनी घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टोपीकडे पाहिलं. मग उठून गेले. ‘येतो’ असंही म्हणाले नाहीत. मृत्यू झालेल्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत हे आपल्याकडेही आहे, त्याचं मला काही वाटलं नाही. पण एवढं जवळचं माणूस एवढं गप्प का, याचं उत्तर माझ्यापुरतं मला मिळालं होतं. दादाला जाळलं होतं. आपण केलं ते चुकीचं होतं हे यांना नंतर कळलं असणार, आणि आता भावाच्या तोंडावर सांगायला कोणाची जीभ रेटत नाही.

मग मीही विचारलं नाही. विचारलं आणि ते खरं निघालं, तर माझा चेहरा त्यांना दिसला असता. त्यांनी त्याच्यासाठी लाकडं फोडली असतील, खांदा दिला असेल. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानायचे होते, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावाबाहेर नाल्याकडे गेलो. मसणवट कुठं असते ते गावात न विचारताही सापडतं. राखेचे दोन चौकोन होते, एक जुना, एक त्यामानानं ताजा. ताज्या चौकोनाशी मी उभा राहिलो. प्रार्थना म्हणावी तर ती कोणासमोर म्हणतो आहोत ते कळायला हवं. वाकून थोडी राख चिमटीत घेतली आणि पुन्हा तिथंच ठेवली. मागं वळलो तर वीसतीस पावलांवर झिबलभाऊ काठी घेऊन उभे. ते माझ्यामागून घरापासून आले असावेत. परततानाही तेवढंच अंतर ठेवून आले.

घरी काकू ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी समोर पायरीवर बसलो. आता चेहरा दिसायचा तो दिसू दे, असं वाटलं.

“काकू, दादाला अग्नी दिला का?”

त्यांनी सूप खाली ठेवलं. पण उत्तर मला दिलं नाही, नवऱ्याकडे वळल्या. “आयकलं का जी, बोलले बापा एकदाचे.”

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “आगीचं नाव कायले घेता? मातीत ठेवलं त्यायले. आमच्या बांधीत. तुमी तिकडं नाल्यावर काहून गेलते?”

 माझ्या तोंडून वेगळंच निघालं. मी म्हटलं, मग हे काल कोणी सांगितलं का नाही?

“तुमी बोलल्याबिगर आमाले कसं बोलता येते?” काकू म्हणाल्या. “गुरुजीनंच तं सांगून ठेवलं होतं. ज्याच्या घरचं गेलं, तो पयले बोलन. मंग दुसऱ्यानं बोलाव. कालपासून पाहून राहिली, मानूस तोंड उघडत नाही. ”

झिबलभाऊ काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, “हिले दोन दिस चूप बसवनारा मानूस या गावात पयल्यांदा आला.”

“तुमी का कमी चूप होते?”

“मले सवय हाये. पस्तीस वर्सं झाले ना.”

मी हसलो. दादाची बातमी आल्यापासून पहिल्यांदा.

मग सगळं एकदम उलगडलं. आमच्या शास्त्रात आहेच ते. शोक करणाऱ्याच्या घरी जावं, पण तो बोलेपर्यंत आपण तोंड उघडू नये. त्यानं खाली बसावं, उंच आसनावर नाही. आरसे झाकावेत. पहिलं जेवण डाळीचं आणि अंड्यांचं. आणि त्याला शालोम म्हणू नये. हे सगळं मी वाचलेलं होतं. ज्या पुस्तकात वाचलं ते कोणत्या कपाटात आहे तेही सांगू शकलो असतो. पण ठाण्यात आमच्या घरी यातलं काही कोणी पाळलं नव्हतं, आणि आसगावात कोणी पाळत असेल हे माझ्या मनात येणं शक्य नव्हतं. काल ते सारं माझ्यासमोर मांडून ठेवलेलं होतं, आणि मी खुर्ची नेल्याचा राग धरून बसलो होतो.

हे गावाला कसं कळलं ते काकूंनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी आमची आई गेली, तेव्हा तार उशिरा पोचली. दादाला येणं जमलं नाही. तो या खोलीत सात दिवस पाटावर बसला. पहिल्या दिवशी काकू नेहमीसारख्या दारातून शालोम गुरुजी म्हणाल्या. दादानं हातानंच थांबवलं. मग म्हणाला, आई गेली काकू, आता माझ्याजवळ शालोम नाही, तो मला विचारू नका. त्याच दिवशी त्यानं बाकीचं समजावलं. आईसाठी हा नियम वर्षभराचा असतो. वर्षभर आसगावात त्याला कोणी शालोम म्हटलं नाही.

“एक साल झालं त्या दिवशी,” झिबलभाऊ म्हणाले, “मी कोंबड्याच्या आदी उठलो आन् एलिया गुरुजीच्या दारात जाऊन उभा राहिलो. पयला नंबर माहा लागला पायजे म्हनून. तं मेश्राम गुरुजी माह्या आदी तिथं उभेच.”

त्याच वेळी मी ठाण्याला आईचे तीन दिवस केले होते. चौथ्या दिवशी कामावर गेलो होतो.

झिबलभाऊंची बांधी

दुपारी मेश्राम गुरुजींना बोलावणं गेलं आणि आम्ही चौघं बांधीवर गेलो. मी बोललो ही बातमी आमच्याआधी गावभर झाली होती. पारावरची माणसं आता ‘या जी’, ‘जेवले का’ म्हणत होती, एकजण माझ्या वळकटीचा तपास करतो म्हणाला. फक्त एक शब्द कोणी उच्चारत नव्हतं.

बांधीच्या कडेला जमीन थोडी उंच आहे, पावसाळ्यातही पाणी चढत नाही. तिथं मोहाच्या झाडाखाली मातीचा लांबट उंचवटा, सारवलेला, भोवती दगड लावलेले. मी जवळ बसलो आणि हात ठेवला. ऊन होतं, माती गरम होती. कद्दीश ही आमची मृतासाठीची प्रार्थना. ती दहा यहुदी पुरुष जमल्याशिवाय म्हणत नाहीत. तिथं मी एकटा होतो. मी स्तोत्रं म्हटली, ती एकट्याला चालतात. बाकीचे तिघं उभे राहिले.

मग मेश्राम गुरुजींनी सांगितलं. त्या दिवशी काय करायचं यावर ओट्यावर बोलणं झालं. मातीत ठेवायचं हे सगळ्यांना माहीत होतं, प्रश्न जागेचा होता. बौद्ध मंडळी आपल्या जागेत घ्यायला तयार होती, पवनीहून एका मुसलमान व्यापाऱ्यानं कब्रस्तानात जागा देऊ केली. झिबलभाऊ इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, बावीस वर्षं माझ्या घरी राहिला, आता दुसरीकडे कायले जाईल? आणि कुदळ आणायला उठले. मेश्राम गुरुजी आणि झिबलभाऊंनी मिळून आंघोळ घातली. पांढऱ्या कापडाला गाठी कशा मारायच्या ते माहीत नव्हतं, म्हणून साध्या मारल्या.

एवढं सांगून झाल्यावर गुरुजी थांबले. त्यांना काही विचारायचं होतं. ते काल विचारायचं होतं, आणि टोपीकडे पाहत बसले होते ते त्यासाठीच, हे मला आता कळलं.

“आम्हाला तुमची प्रार्थना येत नव्हती,” ते म्हणाले. “आमची म्हणावी तर त्यांची नाही, काकूंची म्हणावी तर तीही नाही. मग माती टाकताना एकेकानं नुसतं शालोम म्हटलं. साऱ्या गावानं. शोक असताना तो शब्द चालत नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं. महिना होत आला, रोज वाटते. चुकलं का जी?”

इथं थोडं दादाच्या ओट्याबद्दल सांगायला हवं. गावात कुणबी रामराम म्हणत, बौद्ध जय भीम म्हणत. झिबलभाऊंच्या ओठांवर दुसरा शब्द येत नसे आणि मेश्राम गुरुजींच्या ओठांवर पहिला. दादाकडे येताना दोघांनीही शालोम म्हणायला सुरुवात केली, आणि पुढं रस्त्यात एकमेकांना भेटले तरी तेच म्हणू लागले. हे मला काकूंनी नंतर सांगितलं. तेव्हा बांधीवर मात्र एवढंच दिसत होतं की हा माणूस महिनाभर एक भीती घेऊन हिंडतो आहे, जशी मी घेऊन आलो होतो.

मी त्यांना सांगितलं की चुकलं नाही. जो शब्द विचारायचा नाही तो जिवंत माणसाला, कारण त्याचं काहीतरी मोडलेलं असतं. त्याला ‘सगळं शाबूत आहे ना’ असं कसं विचारायचं? गेलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला निरोप देताना आमच्या जुन्या लोकांनीही शालोमच म्हटलेलं आहे. हे मी धीर द्यायला म्हटलं नाही, ते तसं लिहिलेलं आहे. पण लिहिलेलं मला होतं ठाऊक, आणि केलं होतं त्यांनी.

गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली. काकू म्हणाल्या, “मी तं तवाच म्हनलं होतं, काई चुकत नाही म्हनून. माहं आयकते कोन?”

निघताना

मी आणखी दोन दिवस राहिलो. पाटावर बसलो, दादाच्या वह्या वाचल्या, आल्यागेल्याशी बोललो. ठाण्याचे तीन दिवस आणि इथले चार, असे सात झाले. सलग नव्हते, शास्त्र ते धरील की नाही, मला माहीत नाही. वळकटी तिसऱ्या दिवशी दिघोरीहून त्याच कंडक्टरबरोबर परत आली, वर दोरी नवी बांधलेली. सातवा दिवस झाल्यावर काकूंनी आरशावरचं फडकं काढलं, खुर्ची आत आणली आणि नव्या धानाच्या भाताबरोबर रोहूचं कालवण केलं. आम्ही खवल्याचीच मासोळी खातो हे त्यांना ठाऊक होतं. एका तुकड्यावर त्यांनी खवले मुद्दाम ठेवले होते, मला बघायला.

पाचव्या दिवशी सकाळी सगळे एस.टी.च्या थांब्यावर आले. सात दिवसांनंतर शोक करणाऱ्यानं दुसऱ्याला शालोम म्हणायला हरकत नसते. समोरच्यांचं शाबूत आहे, त्यांना विचारता येतं. दुसऱ्यांनी मात्र त्याला विचारायचं नाही. भावासाठी हा काळ तीस दिवसांचा. माझे पुरे व्हायला थोडेच उरले होते.

गाडी दिसली तेव्हा मी म्हटलं, “शालोम काकू.”

त्यांनी मान हलवली. “जवाब आता नाही भेटनार. एक साल होऊ द्या. पुढच्या वर्सी धान निंगलं की या, मंग मीच म्हनीन पयले.”

“तुझ्या आदी मी म्हनीन,” झिबलभाऊ म्हणाले.

 दोघांकडे पाहून मेश्राम गुरुजींनी मनात काहीतरी ठरवल्यासारखं दिसलं.

गाडीत बसल्यावर काकू खिडकीशी आल्या आणि पुन्हा विचारलं, येणार ना? मी म्हटलं, येईन. भावासाठी तीस दिवस पुरतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.